नफा २३, रोख उणे १३

प्रश्न : यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका लिस्टेड कंपनीत माझी बऱ्यापैकी रक्कम गुंतली आहे. विक्री आणि नफा दोन्ही दरवर्षी वाढतायत, आरओई (भागधारकांच्या पैशावरचा परतावा) २२ टक्क्यांवर टिकून आहे, करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) २ च्या वर आहे आणि पीई (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागची कमाई) त्याच क्षेत्रातल्या इतर कंपन्यांपेक्षा कमी. तरी शेअरचा भाव वर्षभर घसरतोच आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याने कॅश फ्लो स्टेटमेंट उघडून दाखवलं : कामकाजातून आलेली रोख सलग दोन वर्षं उणे. तो म्हणतो, ‘नफा कागदावरचा, रोखच खरी. विकून मोकळा हो.’ मग रेशो बघायचेच कशाला? त्यांचा कंपनीच्या कामगिरीशी काही संबंध असतो की नाही? आणि भाव पडलाय तर आणखी घ्यावेत की आहेत ते विकावेत? तीन वर्षांचे आकडे सोबत जोडले आहेत.

उत्तर : नमस्कार. आकडे जोडलेत हे बरं झालं. कंपनीचं नाव गाळलं आहे आणि पहिल्या वर्षाची विक्री १०० धरून बाकी सगळं त्या प्रमाणात बसवून घेतलं आहे, म्हणजे इतर वाचकांनाही कागद घेऊन पडताळता येईल.

सहकाऱ्याला दिसलं ते बरोबर, पण त्यावरून तो जरा घाईने निकालावर पोचला. रोख उणे का आहे आणि ती ताळेबंदाच्या कुठल्या ओळीत अडकली आहे, हे कळल्याशिवाय विकणंही अंदाजपंचे आणि ठेवणंही. तेव्हा आधी ती ओळ शोधू.

विक्री १००, १२४, १६०. निव्वळ नफा ८, १०, १३. ग्राहकांकडून येणं, म्हणजे डेटर्स, २०, ३१, ५२. मालसाठा १५, २०, ३१. पुरवठादारांची देणी १२, १४, १७. घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींची झीज म्हणून खर्चात धरलेली रक्कम, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी ४.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब हातानेच करा. नफा १३. घसाऱ्याचे ४ खर्चात धरले, पण त्या वर्षी कुणाला दिले नाहीत. ते परत मिळवले की १७. डेटर्स २१ ने वाढले : बिलं फाडली, पैसे आले नाहीत. साठा ११ ने वाढला : माल आणला, बनवला, विकला गेला नाही. पुरवठादार ३ साठी जास्त थांबले, तेवढाच हातभार. १७ वजा २१ वजा ११ अधिक ३, उत्तर उणे १२. दुसरं वर्ष याच रीतीने उणे १ येतं.

दोन वर्षांचं एकत्र बघितलं की चित्र जास्त बोलकं होतं. नफा २३, कामकाजातली रोख उणे १३. शिवाय यंत्रांवर आणि इमारतींवर १९ खर्च. म्हणजे ३२ चा खड्डा. कर्ज २२ होतं ते ५२ झालं, त्यातून ३० आले. उरलेले २ बँकेतल्या शिलकीतून, ती ७ होती ती ५ राहिली. लाभांश काहीच दिला नाही, तरी ही अवस्था.

कंपनीचं व्यवस्थापन यावर काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो : ‘वेगाने वाढणाऱ्या कंपनीचं खेळतं भांडवल, म्हणजे उधारी आणि साठ्यात गुंतलेला पैसा, वाढणारच.’ म्हणणं खोटं नाही. पण किती खरं ते मोजता येतं. पहिल्या वर्षी डेटर्स २० आणि विक्री १००, म्हणजे सरासरी ७३ दिवसांची उधारी. दुसऱ्या वर्षी ९१ दिवस, तिसऱ्या वर्षी ११९. उधारी ७३ दिवसांवरच राहिली असती तर १६० च्या विक्रीवर डेटर्स ३२ असते. आहेत ५२. डेटर्स ३२ ने वाढले, त्यातले १२ वाढीमुळे, बाकी २० ग्राहक उशिरा पैसे देतायत किंवा देतच नाहीत म्हणून. हे २० आले असते तर दोन वर्षांची रोख उणे १३ ऐवजी अधिक ७ दिसली असती. सबबीने निम्मासुद्धा खड्डा भरत नाही, आणि मला या कंपनीत खटकणारी मुख्य गोष्ट हीच आहे.

उधारी लांबण्याचं कारण साधंही असू शकतं. मोठे ग्राहक मिळाले आणि त्यांनी मुदत जास्त मागितली. एखाद्या मोठ्या ऑर्डरचा माल वर्षाच्या शेवटच्या महिन्यात रवाना झाला, पैसे पुढच्या तिमाहीत आले. किंवा विक्रीचा आकडा गाठायला वितरकांच्या गळ्यात माल मारला, जो पुढे परत येईल किंवा सवलतीत जाईल. पहिल्या दोन कारणांत भिण्यासारखं फारसं नाही. तिसऱ्यात १३ चा नफा उद्याच्या विक्रीतून उसना घेतलेला असतो. यातलं खरं कारण नफा-तोटा पत्रक वाचून कळणार नाही.

आता तुमच्या रेशोंकडे येऊ. करंट रेशोवर तुमचा भरवसा दिसतो. पहिल्या वर्षी चालू मालमत्ता (डेटर्स, साठा आणि रोख) ४२, चालू देणी (पुरवठादार आणि अल्पमुदतीचं कर्ज) २०, रेशो २.१. तिसऱ्या वर्षी ८८ भागिले ४२, पुन्हा २.१. दोन वर्षांत इतकं घडलं आणि हा रेशो जागचा हलला नाही. मालसाठा वगळून काढायचा क्विक रेशोही १.३५ वरून १.३६, म्हणजे तोही गप्प. कारण दोघांच्या अंशस्थानी ते न आलेले ५२ बसलेत. ग्राहकाने पैसे थकवले तरी ते येणं अंशात तसंच मोजलं जातं. असं वागणारं मोजमाप धोक्याची घंटा कशी वाजवणार? नुसती रोख चालू देण्यांशी ताडून पाहा : ०.३५ होती, ०.१२ झाली.

आरओईचंही तसंच. २२ टक्के तेव्हाही, २२ टक्के आताही. हा रेशो फोडून बघायची पद्धत जुनी आहे. ड्यूपॉन्ट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी १९१० च्या दशकात मार्जिन (नफा भागिले विक्री) आणि मालमत्तेची उलाढाल (विक्री भागिले मालमत्ता) यांचा गुणाकार करून परतावा काढला. कर्जाचा तिसरा तुकडा त्यात नंतर जोडला गेला. तुमच्या कंपनीत मार्जिन ८ टक्क्यांवरून ८.१, म्हणजे होतं तिथेच. एकूण मालमत्ता ७० वरून १२८ झाली, तिची उलाढाल १.४३ वरून १.२५ वर आली. आणि भागधारकांच्या दर १ मागे १.९४ मालमत्ता होती ती २.१७ झाली. उलाढाल घसरली ती कर्जाने भरून काढली, गुणाकार तेवढाच राहिला. आरओई टिकून आहे म्हणून कामगिरी टिकून आहे, असं इथे म्हणता येत नाही.

म्हणजे रेशो निरुपयोगी का? नाही. उधारीचे दिवस हाही रेशोच, उलाढाल हाही. तुम्ही नेमके ते दोन धरलेत जे शेवटी हलतात.

आता सहकाऱ्याच्या ‘रोखच खरी’बद्दल. हे वाक्य मला नेहमीच जरा उतावीळ वाटत आलंय. एका वर्षाची रोख फार हेलकावे खाते : आज पैसे आले, उद्या कच्चा माल भरला, परवा कर भरला. ते हेलकावे सपाट करण्यासाठीच उपार्जित पद्धतीचा, म्हणजे अक्रूअलचा, हिशेब आला : पैसे हातात आले-गेले तेव्हा नाही, व्यवहार झाला तेव्हा नोंद. पॅट्रिशिया डेको यांच्या १९९४ च्या अभ्यासात दिसलं की तिमाही किंवा वर्षासारख्या छोट्या काळात शेअरच्या परताव्याशी नफ्याचं नातं रोखीपेक्षा जास्त घट्ट असतं. काळ लांबवत नेला की रोखीचं नातं सुधारत जातं. ज्या धंद्यात खेळतं भांडवल आणि भांडवली खर्च मोठ्या प्रमाणात वरखाली होतात, तिथे एका वर्षाची रोख तर आणखीच कमी सांगते. म्हणून एकाच वर्षाची उणे रोख बघून कुणी विकत असेल तर मी त्याला थांबवीन. तीन-पाच वर्षांची रोख आणि तेवढ्याच वर्षांचा नफा शेजारी मांडला की मग बोलू.

उलटं उदाहरणही आहे. ॲमेझॉनने २००२ साली निव्वळ तोटा दाखवला, पण त्याच वर्षी कामकाजातून रोख चांगली अधिक होती. पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्ये आला. ग्राहक लगेच पैसे देत होते, पुरवठादारांना नंतर द्यायचे होते, त्यामुळे विक्री वाढली की रोख वाढायची. तुमच्या कंपनीत विक्री वाढली की रोख आटते. दोघींच्या नफ्याचे आकडे बघून हा फरक कळला नसता.

रोखीच्या तीन भागांची चिन्हंही बघत जा : कामकाज, गुंतवणूक, वित्तपुरवठा. व्हिक्टोरिया डिकिन्सन यांनी २०११ मध्ये या चिन्हांवरूनच कंपनी आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवायची रीत मांडली. अधिक, उणे, उणे म्हणजे स्थिरावलेली कंपनी : कमावते, त्यातून यंत्रं घेते, कर्ज फेडते. अधिक, उणे, अधिक म्हणजे वाढीची. तुमची उणे, उणे, अधिक. ही खूण नुकत्याच सुरू झालेल्या कंपनीची असते, आणि अशा कंपन्या सहसा तोट्यात असतात. आठ टक्के मार्जिन आणि ही खूण एकत्र दिसली की प्रश्न विचारायलाच हवा.

तुम्ही विचारलंय की कामगिरीशी संबंध असतो का. असतो, पण तो सिद्ध करणाऱ्यांनाही रोख म्हणजे काय याचा घोळ निस्तरावा लागला. विल्यम बीव्हर यांनी १९६६ मध्ये बुडालेल्या ७९ आणि तगलेल्या ७९ कंपन्यांचे ३० रेशो तपासले. बुडणाऱ्या कंपन्या आधी ओळखण्यात सगळ्यांत सरस ठरला तो रोख प्रवाह भागिले एकूण देणी. मात्र त्यांचा ‘रोख प्रवाह’ म्हणजे नफा अधिक घसारा वगैरे. डेटर्स आणि साठ्यात अडकलेलं त्यात वजा होत नव्हतं. तुमच्या कंपनीला तेच माप लावा : १७ भागिले एकूण देणी ६९, येतं जवळपास ०.२५. दिसायला ठीकठाक. खरी रोख घातली तर उणे १२ भागिले ६९.

हा घोळ किती महाग पडतो ते अमेरिकेतल्या डब्ल्यू. टी. ग्रँट या किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळीने दाखवलं. ही साखळी ग्राहकांना सढळ हाताने उधारीवर माल द्यायची. नफा दिसत होता, नफा अधिक घसाराही दिसत होता, १९७३ मध्ये शेअर कमाईच्या जवळपास २० पट भावाला जात होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लार्गे आणि स्टिकनी यांनी १९८० मध्ये जुने हिशेब उलगडून दाखवलं की कामकाजातली रोख त्याआधी कित्येक वर्षं आटलेली होती. त्या काळी कॅश फ्लो स्टेटमेंट आजच्या रूपात द्यावंच लागत नव्हतं. अमेरिकेत ते १९८७ च्या मानकाने सक्तीचं झालं. आंतरराष्ट्रीय मानक आयएएस ७ चं आजचं रूप १९९२ चं. तुम्हाला ते आज दोन क्लिकवर मिळतं, आणि तरी बहुतेक जण उघडत नाहीत.

बुडणं राहू द्या, नुसत्या परताव्याचं बघायचं तर रिचर्ड स्लोन यांचा १९९६ चा अभ्यास महत्त्वाचा. नफ्यातला जो भाग रोखीने येतो तो पुढच्या वर्षी जास्त टिकतो, जो भाग नुसत्या नोंदींतून येतो तो कमी टिकतो. आणि बाजार हा फरक वेळेत ओळखत नव्हता. नफा वजा कामकाजातली रोख, भागिले एकूण मालमत्ता, असं ढोबळ माप तुमच्या कंपनीला लावलं तर तिसऱ्या वर्षी २५ भागिले १२८, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास. फारच जास्त. मात्र ही गोष्ट सर्वांना माहीत झाल्यावर तिच्यावरून सहज पैसे मिळवण्याची सोय पुढच्या अभ्यासांत बरीच ओसरलेली दिसली. म्हणजे आज बाजार हे आधीच बघतो. तुमच्या शेअरचा भाव नफा वाढूनही घसरतोय तो कदाचित त्यामुळेच. कमी पीईचा अर्थ ‘स्वस्त’ असाच होत नाही. त्या भागाकारातला नफा बाजाराला पटलेला नाही, असाही होतो.

नेमक्या याच गोष्टीसाठी जोसेफ पिओत्रोस्की यांनी २००० मध्ये नऊ सोप्या कसोट्या मांडल्या : स्वस्त दिसणाऱ्या शेअरांतून खरोखर सुधारणाऱ्या कंपन्या वेगळ्या काढायला. नफा आहे का, रोख अधिक आहे का, रोख नफ्यापेक्षा जास्त आहे का, कर्जाचं प्रमाण घटलं का, उलाढाल सुधारली का, अशा. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवर तपासता येतात त्यांपैकी नफा असणं आणि नवे शेअर न काढणं, या दोन सोडल्या तर बाकी बहुतेक ठिकाणी कंपनी नापास होते.

एक सावधगिरी सहकाऱ्यालाही सांगा. रोखीचा आकडासुद्धा नटवता येतो. वर्ल्डकॉम या अमेरिकेतल्या दूरसंचार कंपनीने दुसऱ्यांच्या जाळ्यासाठी दिलेलं भाडं खर्चात न टाकता मालमत्तेत टाकलं; २००२ मध्ये ते उघड झालं. त्यामुळे नफा तर फुगलाच, पण तो पैसा ‘गुंतवणुकी’खाली गेल्याने कामकाजातली रोखही फुगली. भांडवली खर्च वजा करून उरणारी रोख बघणारा या चलाखीला फसत नाही, कारण एकीकडे वाढलेलं दुसरीकडे तितकंच कमी होतं. एन्रॉन या अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनीने कर्जासारखे व्यवहार कामकाजाच्या रोखीत दाखवले. ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीचे पुरवठादार बँकेकडून आधीच पैसे घेत आणि कंपनी बँकेला उशिरा देई. ती रक्कम कर्जात न दिसता देण्यांत दिसत राहिली आणि जानेवारी २०१८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. अशा व्यवस्थांचा तपशील देणं आयएएस ७ मध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी बंधनकारक झालं, म्हणून ती टीप आता सापडते. तसंच २०१९ पासून आयएफआरएस १६ या भाडेपट्ट्यांच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकामुळे भाडेपट्ट्याच्या हप्त्यातली मुद्दल वित्तपुरवठ्याखाली गेली आणि पुष्कळ कंपन्यांची कामकाजातली रोख एका रात्रीत वाढली, धंद्यात काहीही न बदलता. जुनी आणि नवी वर्षं ताडताना हे लक्षात असू द्या. आणि बँकेतली शिल्लकच मुळात खोटी असली तर? वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीच्या बाबतीत २०२० मध्ये १९० कोटी युरो अस्तित्वातच नसल्याचं निघालं.

बँका आणि वित्त कंपन्यांना यातलं काही लावू नका. कर्ज देणं हेच त्यांचं कामकाज, तिथे उणे रोख म्हणजे धंदा वाढतोय असंही असतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर वार्षिक अहवालाच्या मागच्या टिपांकडे जा. डेटर्सची वयवारी शोधा : सहा महिन्यांवरची येणी किती, वर्षावरची किती, आणि त्यांवर बुडीत धरून किती तरतूद केली. येणी अडीचपट झाली आणि तरतूद होती तिथेच राहिली असेल तर नफा तेवढा फुगलेला आहे. संबंधित पक्षांकडून, म्हणजे प्रवर्तकांच्याच इतर कंपन्यांकडून, किती येणं आहे तेही बघा. बिल न फाडता धरलेलं उत्पन्न वेगळ्या ओळीत असतं, ते डेटर्समध्ये मिळवून दिवस पुन्हा काढा. येणी बँकेला विकून रोख दाखवली असेल तर तीही टिपांत सापडेल. तिमाहीवार विक्री मिळाली तर शेवटच्या तिमाहीचा वाटा दरवर्षी वाढतोय का, एवढं पडताळा. आणि अल्पमुदतीचं कर्ज ८ वरून २५ वर गेलंय. हातात रोख ५. बँकेने नूतनीकरणाला नकार दिला तर काय, याचं उत्तर करंट रेशो देत नाही.

आणखी शेअर घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो. भाव पडलाय म्हणून सरासरी खाली आणण्याचा मोह इथे परवडणारा नाही. आहेत ते सगळे आज विका असं मात्र म्हणणार नाही, कारण वयवारी बघितलेली नाही. ती वाईट निघाली किंवा दिलेलीच नसली, तर निम्मे तरी मोकळे करा, आणि ‘बऱ्यापैकी रक्कम’ म्हणजे तुमच्या एकूण बचतीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असेल तर वयवारी न बघताही. बरी निघाली तर पुढच्या वर्षाच्या दोन आकड्यांची वाट बघा : उधारीचे दिवस शंभराच्या आत येतात का, आणि कामकाजातली रोख अधिक होते का. दोन्ही झालं तर पीईकडे बघायला हरकत नाही.

तोवर वार्षिक सभेत भागधारक म्हणून एकच प्रश्न लेखी पाठवा : गेल्या वर्षअखेर येणं असलेल्या रकमेपैकी आजवर प्रत्यक्ष किती जमा झाली? उत्तर टक्क्यांत मागा.